एकदा लिहिला की झालं

पुण्या-मुंबईतल्या एखाद्या ऑफिसात सहकाऱ्याचं आउटलुक कॅलेंडर चाळताना कधीतरी एक चमत्कारिक मीटिंग नजरेला पडते. वार सोमवार, वेळ सकाळी साडेनऊ, विषय ‘टाइमशीट भरा’. स्थळाच्या रकान्यात मीटिंग रूमचं नाव असायला हवं, तिथे कुणाचा तरी ई-मेल पत्ता. बोलावलेली माणसं शून्य. ही मीटिंग कधीच भरत नाही, पण एकही सोमवार चुकवत नाही.

नुकताच रुजू झालेला मुलगा विचारतो, ‘सर, ही मीटिंग कुठे आहे?’ सर म्हणतात, ‘अरे, ती मीटिंग नाहीये. तो माझा मॅक्रो आहे.’ त्यानंतर पाऊण तास त्या मुलाची सुटका नसते.

खुलासा असा की आउटलुकमध्ये व्हीबीए या भाषेत छोटे छोटे प्रोग्राम लिहिता येतात, पण त्यांना स्वतःचं घड्याळ नाही. ‘दर सोमवारी साडेनऊला हा मेल पाठव’ असं त्यांना थेट सांगायची सोय नाही. रिमाइंडर वाजला की मात्र मॅक्रोला जाग आणता येते. मग जगभरच्या खटपट्या मंडळींनी शक्कल काढली. कॅलेंडरमध्ये खोटी मीटिंग टाकायची. तिचा विषय तोच मेलचा विषय, तिचं वर्णन तोच मेलचा मजकूर आणि तिचं स्थळ म्हणजे मेल ज्याला जायचा त्याचा पत्ता. रिमाइंडर वाजतो, मॅक्रो उठतो, मीटिंगवर ठरलेली खूण आहे का बघतो आणि मेल रवाना करतो.

अट एकच. आउटलुक उघडं पाहिजे. दिवाळीत लॅपटॉप मिटून माणूस गावी गेला की त्याच्याबरोबर मॅक्रोही गावी जातो. भाऊबीज उरकून, डब्यातला फराळ घेऊन तो ऑफिसात येतो आणि लॅपटॉप उघडतो, तेव्हा साठलेले रिमाइंडर एकदम उसळतात. ‘आज पाच वाजेपर्यंत बिलं पाठवा’ हा मेल सगळ्या विभागाला सकाळी नऊ वाजून दोन मिनिटांनी मिळतो. त्यातला ‘आज’ गेल्या बुधवारचा असतो. निम्मे लोक घाबरून बिलं पाठवतात. उरलेले निम्मे ‘बिलं कधीच पाठवली आहेत’ असं रागाने, सर्वांना, बॉसला प्रत ठेवून कळवतात.

असा एक मॅक्रोवाला बहुतेक ऑफिसात सापडतो. तो सहसा संगणक विभागातला नसतो. अकाउंट्स, परचेस किंवा एचआर ही त्याची मूळ भूमी. त्याला कुणी हे शिकवलेलं नसतं आणि करायला सांगितलेलं तर मुळीच नसतं. एके दिवशी एकच काम पन्नासाव्यांदा करताना त्याच्या मनात येतं, की हे यंत्राने का करू नये? तिथून त्याचा संसार बिघडायला सुरुवात होते.

व्हीबीए 1993 साली एक्सेलमधून आलं आणि आउटलुकला ते ‘आउटलुक 2000’ या आवृत्तीपासून मिळालं. एक्सेल आणि वर्डमध्ये मॅक्रो रेकॉर्ड करता येतो. बटण दाबायचं, एकदा काम करून दाखवायचं, यंत्र बघून शिकतं. आउटलुकमध्ये हा रेकॉर्डर नाही. इथे ऑल्ट आणि एफ11 दाबल्यावर एक पांढरी खिडकी उघडते आणि तिच्यात सगळं हाताने लिहावं लागतं. हाताने याचा अर्थ इंटरनेटवरून आणून चिकटवावं लागतं. एखाद्या परोपकारी अमेरिकन गृहस्थाने कधीकाळी लिहून ठेवलेला मॅक्रो अकाउंट्सच्या टेबलावर येतो, त्यातलं फोल्डरचं नाव बदललं जातं आणि वर एक ओळ घातली जाते: ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’. म्हणजे, काही चुकलं तर कुणाला न सांगता पुढे चालू लाग. ही ओळ घातल्यावर मॅक्रो कधीच चुकत नाही. निदान चुकल्याचं सांगत नाही.

आता महिनाअखेरीचं काम घ्या. शंभर पुरवठादारांचे शंभर मेल येतात, प्रत्येकाला बिलाची पीडीएफ जोडलेली. अकाउंट्समधल्या बाई एकेक मेल उघडून पीडीएफ फोल्डरमध्ये साठवतात. दुपार जाते. मॅक्रोवाला हे पाहतो आणि म्हणतो, ‘मॅडम, एकदा लिहिला की झालं.’ दोन संध्याकाळी बसून तो मॅक्रो लिहितो. महिनाअखेर येते, मॅडम बटण दाबतात, पडद्यावर क्षणभर काहीतरी लुकलुकतं आणि काम संपतं. टाळ्या. मग मॅडम फोल्डर उघडतात. फोल्डरमध्ये बिल एक.

कारण सगळ्याच पुरवठादारांनी फाइलला ‘इन्व्हॉइस डॉट पीडीएफ’ हेच नाव दिलेलं होतं. त्याच नावाची फाइल आधीपासून असली तर आउटलुकचा मॅक्रो ‘जुनी पुसू का?’ असं विचारत बसत नाही. तो पुसतो. मॅक्रोने शंभर बिलं अगदी नेमाने साठवली आणि नव्याण्णव वेळा आधीचं पुसलं. सांगितलेलं सगळं केलं.

मॅक्रोवाला हार मानणाऱ्यांतला नव्हे. दुसऱ्या आवृत्तीत तो फाइलच्या नावापुढे तारीख लावतो. पण एकाच दिवशी सात बिलं आलेली असतात. तिसऱ्या आवृत्तीत तासमिनिटं येतात, चौथीत पुरवठादाराचं नाव. एका पुरवठादाराच्या नावात तिरपी रेघ असते, जी फाइलच्या नावात चालत नाही; मॅक्रो तिथे अडखळतो आणि ‘ऑन एरर’च्या कृपेने मुकाट पुढे जातो. त्या पुरवठादाराचं बिल थकतं, तो फोन करतो आणि चौकशी सुरू होते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, हा हिशेब अकाउंट्स विभागाला कुणी समजावून सांगायची गरज नसते. तरीही सातवी आवृत्ती खरोखरच चालते आणि मॅडमची दर महिन्याची एक दुपार मोकळी होते, हेही सांगायला हवं. ती दुपार त्या ‘सगळी आली ना’ हे मोजण्यात घालवतात.

मॅक्रोवाल्याचं खरं दुखणं हे, की ज्या कामाला सगळे ‘दरवेळी तेच’ म्हणतात ते दरवेळी तेच नसतं. हाताने करणारा माणूस वाटेतले खाचखळगे नकळत टाळत असतो. दोन बिलांचं नाव सारखं दिसलं तर मॅडम पुढे ‘2’ लिहितात, आणि आपण काही निर्णय घेतला हे त्यांच्या गावीही नसतं. म्हणूनच मॅक्रो लिहिण्याआधी ‘तुम्ही नेमकं काय करता?’ असं विचारलं, तर त्या ‘काही नाही, नुसतं सेव्ह करायचं’ असं अगदी प्रामाणिकपणे सांगतात.

मेल पाठवण्याचीही तीच कथा. ‘सोबत फाइल जोडली आहे’ असं लिहून फाइल न जोडता मेल धाडणं हा जगातला सर्वांत समान रीतीने वाटला गेलेला दोष असावा. जीमेलने 2008 मध्ये त्यावर प्रयोग म्हणून आठवण करून देणारी सोय आणली, आउटलुकने ‘आउटलुक 2013’ या आवृत्तीत. त्याआधी आणि नंतरही मॅक्रोवाल्यांनी हे काम स्वतःकडे घेतलं. पाठवा हे बटण दाबलं की मॅक्रो मजकुरात ‘अटॅच’ शोधतो. शब्द आहे आणि जोडलेल्या फाइलींची संख्या शून्य, तर तो मेल अडवतो आणि विचारतो, ‘काही विसरलात का?’

कागदावर निर्दोष. प्रत्यक्षात कंपनीच्या नियमाप्रमाणे प्रत्येकाच्या सहीखाली कंपनीचं बोधचिन्ह असतं. ते चित्र आहे आणि आउटलुक अशा चित्रालाही जोडलेली फाइल म्हणूनच मोजतं. त्यामुळे संख्या कधी शून्य होतच नाही आणि मॅक्रो कायम समाधानी. बोधचिन्ह वगळण्याची तजवीज केली, तर तक्रार उलट्या बाजूने येते. खाली महिनाभराच्या उत्तर-प्रत्युत्तरांची शेपटी असते, तिच्यात कुणीतरी कधीतरी ‘अटॅच’ लिहिलेलंच असतं. मग नुसतं ‘ओके, धन्यवाद’ पाठवतानाही मॅक्रो विचारतो, ‘काही विसरलात का?’ चौथ्या दिवसापासून लोक प्रश्न न वाचता ‘नाही’ दाबायला लागतात आणि पाचव्या दिवशी फाइल विसरतात.

शिवाय मेल मराठीत असला तर? सरकारी पत्रव्यवहार करणाऱ्या ऑफिसात ‘सोबत’ हा शब्द शोधायला हवा. मॅक्रोवाला पांढऱ्या खिडकीत देवनागरीत ‘सोबत’ टाइप करतो आणि समोर उमटतं: ????. व्हीबीएच्या या खिडकीला युनिकोड कळत नाही. तिला देवनागरी दिसतच नाही. अक्षरागणिक एक प्रश्नचिन्ह मांडून ती मोकळी होते. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक अक्षर त्याच्या युनिकोड क्रमांकाने सांगायचं. ‘स’ म्हणजे 2360, ओकाराची मात्रा 2379, ‘ब’ 2348 आणि ‘त’ 2340. हे चार आकडे सीएचआरडब्ल्यू नावाच्या आज्ञेत घालून जोडले की ‘सोबत’ तयार होतो. मग कळतं, की साहेब ‘सोबत’ लिहीतच नाहीत. ते ‘यासह’ लिहितात.

नावांचा गोंधळ आणखी निराळा. शंभर जणांना नावानिशी मेल पाठवायचा, तर मॅक्रो यादीतल्या नावाचा पहिला शब्द उचलतो आणि त्याआधी ‘प्रिय’ लावतो. मराठी याद्यांत कुणी आडनाव आधी लिहिलेलं असतं, कुणी वडिलांचं नाव मध्ये घातलेलं असतं आणि मान राखणाऱ्यांनी सुरुवातीला पदवी लावलेली असते. परिणामी शहरातले निम्मे नामवंत ‘प्रिय डॉ.,’ असा मेल वाचतात आणि उरलेले ‘प्रिय श्री.,’.

गूगलच्या गोटात हे काम ॲप्स स्क्रिप्टने होतं. ती 2009 मध्ये आली आणि तिला स्वतःचं घड्याळही आहे. पण साध्या, फुकट जीमेल खात्याला स्क्रिप्टमधून दिवसाला 100 जणांनाच मेल पाठवता येतो. घरातला हुशार भाचा लग्नाची आमंत्रणं गूगल शीटमधून स्क्रिप्टने पाठवायला घेतो. शंभराव्या ओळीनंतर स्क्रिप्ट थांबते, उरलेल्यांना आमंत्रण दुसऱ्या दिवशी. यादी मुलीच्या आईने केलेली असल्यामुळे पहिली शंभर नावं तिच्या माहेरची निघतात. 101व्या ओळीत मुलीचे सख्खे काका असतात. त्यांची समजूत घालताना गूगलची दैनंदिन मर्यादा हे कारण चालत नाही.

कॅलेंडरमध्ये तर ‘दरवेळी तेच’ ही कल्पनाच डळमळीत होते. दर महिन्याच्या 31 तारखेला आठवण ठेवा म्हटलं, तर आउटलुक समजूतदारपणे सांगतं, की काही महिन्यांत 31 तारीख नसते, तिथे महिन्याचा शेवटचा दिवस धरू. कॅलेंडरांच्या देवाणघेवाणीचा जो जागतिक संकेत आहे, आरएफसी 5545, तो म्हणतो, अशी तारीख नसेल तर ती सोडून द्यावी. म्हणजे 31 तारखेला भाड्याची आठवण लावणारा एक माणूस वर्षात बारा वेळा भाडं देतो आणि दुसरा, संकेताला धरून, सात वेळा. घरमालकाला आरएफसी ठाऊक नसतो.

गणेश चतुर्थीला ‘दरवर्षी पुन्हा’ असं बटण दाबणारे उत्साही लोकही आहेत. 2024 मध्ये ती 7 सप्टेंबरला होती. ज्यांनी तेव्हा बटण दाबलं त्यांच्या कॅलेंडरमध्ये 2025 सालीही गणपती 7 सप्टेंबरलाच येणार होते. प्रत्यक्षात ते 27 ऑगस्टला आले आणि 6 सप्टेंबरला अनंत चतुर्दशीला गेलेही. भिंतीवरच्या कालनिर्णयला हा प्रश्न कधी पडला नाही, कारण ते दरवर्षी नव्याने छापतात.

आणि मग अमेरिका. हिंजवडीतल्या मंडळींची संध्याकाळ न्यूयॉर्कच्या सकाळवर चालते. तिथल्या साडेआठची मीटिंग हिवाळ्यात इथे सात वाजता, उन्हाळ्यात सहाला. हा बदल कधी करायचा याची तारीख कॅलेंडरच्या पोटात भरलेली असते. अमेरिकेने 2005 मध्ये कायदा करून ती तारीख 2007 पासून बदलली. एप्रिलच्या पहिल्या रविवारी पुढे जाणारे काटे 11 मार्चलाच पुढे गेले. जगभरच्या कॅलेंडरांना हे आपोआप कळेना. मायक्रोसॉफ्टला आउटलुकमधल्या मीटिंगा सरकवण्यासाठी खास अवजार काढावं लागलं. तो प्रश्न मिटला, पण मॅक्रोवाल्यांनी आपापल्या कोडमध्ये ‘साडेदहा तास मिळव’ असं ठोकून लिहिलेलं असतं, त्याला कुठलंही अवजार पोचत नाही. अजूनही मार्चमध्ये एखादा माणूस रिकाम्या व्हिडिओ कॉलमध्ये एकटाच ‘हॅलो, माझा आवाज येतोय का?’ म्हणत बसतो. तो तासभर उशिरा आलेला असतो.

स्वयंचलित उत्तराचा इतिहास मात्र शहाणपणाने सुरू झाला. मेल पोचवणारा ‘सेंडमेल’ हा प्रोग्राम लिहिणारे एरिक ऑलमन यांनी 1983 मध्ये युनिक्ससाठी ‘व्हेकेशन’ नावाचा प्रोग्राम लिहिला. ‘मी सुटीवर आहे’ एवढंच तो सांगतो. पण त्यात एक पथ्य घातलेलं आहे, ते असं की एका माणसाला सहसा आठवड्यात एकदाच सांगायचं. शिवाय यंत्राने किंवा मोठ्या यादीवर पाठवलेल्या मेलला उत्तर द्यायचं नाही. नाहीतर सुटीवर गेलेली दोन माणसं एकमेकांना ‘मी सुटीवर आहे’ असं जन्मभर कळवत राहतील. घरगुती मॅक्रो लिहिणारे नेमकं हेच पथ्य गाळतात आणि सोमवारी चार हजार मेल बघून कुणाचं तरी आपल्यावर प्रेम आहे असं क्षणभर वाटून घेतात.

स्वयंचलित उत्तर किती दूर जाऊ शकतं हे 2008 मध्ये वेल्समधल्या स्वॉन्झी शहराने दाखवलं. अवजड वाहनांना बंदीची पाटी इंग्रजी आणि वेल्श अशा दोन भाषांत लावायची होती. नगरपालिकेने इंग्रजी मजकूर अनुवादकाला मेल केला. ताबडतोब वेल्शमध्ये उत्तर आलं. ते पाटीवर रंगवून रस्त्यावर उभं केलं. वेल्श वाचणाऱ्यांना तिथे दिसलं: मी सध्या ऑफिसात नाही, अनुवादाचं काम पाठवून ठेवा.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं. पण 26 मार्च 1999 रोजी ‘मेलिसा’ बाहेर पडली. वर्डच्या फाइलमध्ये बसलेला तो मॅक्रो होता. फाइल उघडली की तो आउटलुकच्या पत्तापुस्तकातल्या पहिल्या पन्नास जणांना तीच फाइल पाठवायचा आणि वर लिहायचा, ‘तू मागितलेला कागद पाठवतोय, कुणाला दाखवू नकोस.’ कुणाला दाखवू नकोस म्हटल्यावर कोण उघडणार नाही? तो लिहिणाऱ्या न्यू जर्सीच्या डेव्हिड स्मिथला पुढे 20 महिन्यांचा तुरुंगवास आणि 5,000 डॉलर दंड झाला. वर्षभराने, मे 2000 मध्ये, फिलिपिन्समधून ‘आय लव्ह यू’ निघालं. ते मॅक्रो नव्हतं, स्क्रिप्ट होतं, पण पत्तापुस्तक तेच आणि मोह तोच. ब्रिटिश संसदेचे मेलही बंद ठेवावे लागले. ते लिहिणारा मात्र सुटला, कारण असं काही करणं गुन्हा आहे असा कायदाच तेव्हा फिलिपिन्समध्ये नव्हता. तो पुढच्याच महिन्यात झाला.

मायक्रोसॉफ्टने मग आउटलुकला सावध केलं. कुठलाही प्रोग्राम परस्पर मेल पाठवू लागला की खिडकी उघडायची: तुमच्या वतीने कोणीतरी मेल पाठवतंय, पाठवू का? ‘हो’चं बटण पहिली पाच सेकंदं दाबताच येत नसे, म्हणजे माणसाने विचार करावा. शंभर मेल पाठवणाऱ्याने शंभर वेळा विचार करायचा. ज्याने कामाची कटकट नको म्हणून प्रोग्राम लिहिला तो आता पाच-पाच सेकंदांनी ‘हो’ दाबत बसला. यावर बाजारात ‘क्लिकयेस’ नावाचा छोटा प्रोग्राम आला. त्याचं काम एकच, ती खिडकी आली की माणसाऐवजी ‘हो’ दाबणं. सुरक्षेसाठी माणसाची संमती अनिवार्य केली होती; लोकांनी संमतीही स्वयंचलित केली.

आजचं आउटलुक सही नसलेला मॅक्रो सहसा चालवत नाही. सहीसाठी प्रमाणपत्र लागतं आणि ते द्यायला मायक्रोसॉफ्ट ऑफिसबरोबर ‘सेल्फसर्ट’ नावाचं एक अवजार मिळतं. त्यात आपलं नाव टाकायचं की आपण विश्वासू असल्याचं आपलंच प्रमाणपत्र आपल्याला मिळतं. शाळेच्या दाखल्याच्या झेरॉक्सवर ‘स्वयंसाक्षांकित’ लिहून सही ठोकणाऱ्या महाराष्ट्राला यात नवल वाटायचं कारण नाही.

आता नवं संकट दारात आहे. विंडोजवरच्या ‘नव्या आउटलुक’मध्ये व्हीबीए मुळी नाहीच. जुनं आउटलुक निदान 2029 पर्यंत सांभाळू असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे, पण खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात ‘नवं आउटलुक वापरून पाहा’ असा खटका येऊन बसला आहे. पुढची वाट ‘पॉवर ऑटोमेट’ची, जिथे कोड न लिहिता चौकटी जोडून काम होतं. काही मॅक्रोवाले तिकडे गेले आणि सात आवृत्त्यांनंतर त्यांच्या चौकटीही चालू लागल्या. बाकीचे त्या खटक्याजवळून माउससुद्धा नेत नाहीत.

खरी पंचाईत मॅक्रोवाला नोकरी सोडतो तेव्हा होते. त्याचे सगळे मॅक्रो ‘व्हीबीएप्रोजेक्ट डॉट ओटीएम’ या एकाच फाइलमध्ये असतात आणि ती त्याच्याच संगणकावर. ती फाइल, तो संगणक आणि ती खुर्ची मिळून वारसाकडे येते. वारस ऑल्ट आणि एफ11 दाबतो. सहाशे ओळी. मधोमध एका ओळीच्या शेजारी निघताना घाईघाईत चिकटवलेली सूचना, आणि ती देवनागरीत: ??? ???? ???.

वारसाने कुठल्याही ओळीला हात लावला नाही. त्याने फक्त आयटी विभागाला कळवलं, की या संगणकावर नवं आउटलुक टाकू नये. आयटीने नियमाप्रमाणे कारण विचारलं. त्याने ती सूचना जशीच्या तशी कॉपी करून कारणाच्या रकान्यात चिकटवली, आणि विनंती मंजूर झाली.